कोणार्कची वाळू

पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोरचा सोळा पैलूंचा अरुणस्तंभ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तो मूळचा कोणार्कचा. अठराव्या शतकात, ओडिशावर मराठ्यांचा अंमल असताना तो तेथून आणून पुरीस उभारला गेला. खांब वाचला हे खरे. सूर्यमंदिराचे दार मात्र ओकेबोके झाले.

हे मंदिर राजा नरसिंहदेव (पहिला) याने तेराव्या शतकात बांधले. मुख्य शिखराचा उरलासुरला भाग १८४८ साली कोसळला. राहिला तो पुढचा जगमोहन, सुमारे १२८ फूट उंचीचा. तोही पडू नये म्हणून १९०३ मध्ये इंग्रज सरकारने आत वाळू भरून दारे चिणून टाकली.

आम्ही रेल्वेवाले पुलाच्या गर्डरखाली लाकडी स्लीपर रचून टेकू देतो, पण काम झाले की तो काढायचाच असतो. येथे टेकू शंभर वर्षांहून अधिक राहिला. वाळू खाली बसत गेली, वर पोकळी झाली. म्हणजे छताला आधार नाही आणि भिंतींवर आडवा दाब मात्र चालूच! खारा समुद्रवारा आहेच.

२०२२ मध्ये पुरातत्त्व खात्याने वाळू काढण्याच्या कामाला हात घातला. एका डिप्लोमावाल्याचे मत विचाराल तर, काढावीच. पण एकाच बाजूने उपसू नये. थराथराने, आतून आधार देत, भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून. काच तडकली की काम थांबवायचे, मग वर्षे कितीही लागोत.