खाडीकाठचे सायकलमार्ग : वाशी ते उरण

मुंबईच्या परिसरात चढ-उताराविना लांबवर सायकल चालवायची असेल, तर नवी मुंबईइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगा, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि या दोहोंच्या मध्ये चिंचोळी सपाट पट्टी, अशी या शहराची ठेवण आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि तेथून पनवेलची खाडी ओलांडून उरणपर्यंत बहुतांश रस्ते सपाट आहेत. त्यामुळे दर रविवारी पहाटे केवळ नवी मुंबईतीलच नव्हे, तर चेंबूर, ठाणे, पनवेल येथील सायकलस्वारही या रस्त्यांवर उतरतात.

मात्र सपाट रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे पाम बीच मार्गावर नेरूळजवळ सहकाऱ्यांसह सायकल चालवीत असताना मोटारीची धडक बसून अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. संगणकाच्या पेंटियम प्रोसेसरच्या रचनेचे नेतृत्व करणारे आणि इंटेल इंडियाचे प्रमुखपद भूषविलेले सैनी ६८ वर्षांचे होते. या घटनेनंतर खाडीकाठच्या सायकलमार्गांची चर्चा केवळ निसर्गसौंदर्याची राहिली नाही. कोणता रस्ता, कोणत्या वेळी आणि किती अंतरापर्यंत, याचा विचार करूनच घराबाहेर पडणे आवश्यक ठरले आहे.

सपाटी आली कोठून?

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, तेव्हा आजच्या वाशी, नेरूळ, बेलापूरच्या जागी भातशेती, मिठागरे, खाजणे आणि आगरी-कोळी समाजाची गावे होती. शहरासाठी ठाणे व रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन संपादनासाठी निश्चित झाली. खाडीलगतचा बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा त्याखाली होता. भराव घालून तो उंच करण्याबरोबरच सिडकोने डच पद्धतीच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी झडपा बंद होऊन खाडीचे पाणी शहरात शिरत नाही, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला ते खाडीत सोडले जाते. आज सायकलस्वार ज्या सपाट रस्त्याचा आनंद घेतात, तो रस्ता या व्यवस्थेमुळेच कोरडा राहतो. नेरूळचे ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हे उद्यान अशाच एका जलाशयाभोवती विकसित झाले आहे.

पाम बीच मार्ग

वाशी ते बेलापूर हा सुमारे १० किलोमीटरचा सहापदरी रस्ता शहरातील सर्वांत परिचित सायकलमार्ग होय. नावात ‘बीच’ असले, तरी येथे वाळूचा किनारा नाही. एका बाजूला इमारती आणि दुसऱ्या बाजूला बऱ्याच अंतरापर्यंत खारफुटी व पाणथळ जागा आहेत. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत नेरूळ-सीवूड्स परिसरातील पाणथळींवर रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. ठाणे खाडीतील रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला ‘रामसर’ स्थळाचा दर्जा मिळाला.

जाऊन-येऊन २० किलोमीटरची ही फेरी नवख्या सायकलस्वाराला सव्वा ते दीड तासात पूर्ण करता येते. रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ तुलनेने कमी आहे. खरा धोका वेगाचा आहे. पहाटे रस्ता मोकळा असतो, त्यामुळे मोटारी भरधाव जातात. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार ताशी २० किलोमीटर वेगाने चालणाऱ्या सायकलपासून १०० मीटर मागे असेल, तर ती सायकलपर्यंत अवघ्या सहा सेकंदांत पोहोचते. चालकाचे लक्ष क्षणभर विचलित झाले, तर सावरण्यास अवधी उरत नाही. उड्डाणपुलांचे चढ-उतार आणि उपरस्ते मुख्य रस्त्याला मिळतात ती ठिकाणे येथे विशेष जोखमीची आहेत. सरावासाठी वेग वाढवायचा नसेल, तर नेरूळ-सीवूड्सच्या वसाहतींमधील अंतर्गत रस्ते अधिक निर्धास्त आहेत.

घणसोली आणि ऐरोली

उत्तरेकडे घणसोलीत पाम बीच मार्गाचा एक तुकडा आहे. पुढे खारफुटीमुळे ऐरोलीशी त्याची जोडणी दीर्घकाळ रखडली. रस्ता पुढे जात नसल्याने वाहनेही कमी आणि त्यामुळेच हा भाग फिरायला येणाऱ्यांचा व नवशिक्या सायकलस्वारांचा झाला. खाडीवरील पुलाने ही जोडणी पूर्ण झाल्यावर येथील शांतता टिकण्याची शक्यता नाही. ठाणे-बेलापूर रस्ता अंतराच्या दृष्टीने सरळ असला, तरी औद्योगिक पट्ट्यातील मालमोटारींमुळे सायकलीसाठी तो योग्य म्हणता येत नाही.

बेलापूर ते उरण

लांब पल्ल्याची सवय असणाऱ्यांसाठी बेलापूर-उरण हा या भागातील मुख्य मार्ग आहे. बेलापूर किल्ल्याच्या परिसरातून आम्रमार्गाने पनवेलची खाडी ओलांडली की उलवे, गव्हाण फाटा, जासई या क्रमाने उरण गाठता येते. एका दिशेचे अंतर सुमारे २५ ते २८ किलोमीटर आहे. वाटेत भरतीचे पाणी येणारी खाजणे आणि जुनी शेती यांचे अवशेष दिसतात.

या रस्त्याला इतिहास आहे. जमीन संपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. प्रकल्पग्रस्तांना विकसित जमीन देणारी साडेबारा टक्के योजना या लढ्याचे फलित मानली जाते. उरणपासून वाट वाकडी करून चिरनेरलाही जाता येते. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. गावात हुतात्म्यांचे स्मारक आहे. उरणला पोहोचल्यावर पीरवाडीचा समुद्रकिनारा हे विश्रांतीचे नेहमीचे ठिकाण.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या रस्त्याचे स्वरूप बदलले. कंटेनर वाहून नेणारे लांब ट्रेलर येथे दिवसरात्र धावतात. वळताना ट्रेलरचा मागचा भाग आतल्या बाजूला सरकतो आणि डाव्या अंगाला असलेला सायकलस्वार चालकाला दिसत नाही. म्हणून चौकात किंवा फाट्यावर ट्रेलरच्या डावीकडून पुढे जाण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तो पूर्ण वळेपर्यंत मागेच थांबावे. उलवे परिसरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्यासाठी नवे रस्ते व पूल झाल्याने जुन्या माहितीवर विसंबणे धोक्याचे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू सायकलस्वारांसाठी नाही. तेथे दुचाकींनाही प्रवेश नाही.

उरणच्या पुढे

उरणजवळच्या करंजा बंदरातून धरमतर खाडी ओलांडून लाँचने रेवसला जाता येते. तेथून अलिबागचा किनारी भाग सायकलीच्या टप्प्यात येतो आणि महामार्गाचा मोठा वळसा वाचतो. मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंतही लाँच आहे. दोन्ही ठिकाणचे वेळापत्रक भरती-ओहोटी आणि हवामानावर अवलंबून असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी. सायकल लाँचवर घेतली जाईल काय, हेही आधीच विचारून घ्यावे.

चढाची ओढ असणाऱ्यांना खारघरच्या डोंगरावरील रस्ता जवळचा. पनवेलहून गोवा महामार्गाने कर्नाळा अभयारण्य सुमारे १२ किलोमीटरवर आहे. पुण्याकडे जाणाऱ्यांना द्रुतगती मार्गावर मनाई असल्याने पनवेल-खोपोली हा जुना रस्ता धरावा लागतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील स्पर्धकांचा कस याच रस्त्याने खोपोली गाठल्यावर, बोरघाटात लागतो. घाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो.

वारा, ऊन आणि खारी हवा

सपाट प्रदेशात चढाची जागा वारा घेतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मंद वारा असतो आणि दुपारकडे समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. बेलापूरहून उरण नैर्ऋत्येला असल्याने पहाटे जाताना वाऱ्याची साथ मिळते. परत येण्यास अकरा-बारा वाजले, तर ऊन आणि विरोधी वारा दोन्ही सोसावे लागतात. जाताना दमछाक झाली नाही म्हणून अंतर वाढविणारे नवखे सायकलस्वार येथेच फसतात. या मार्गावर उजाडताच निघून नऊच्या सुमारास परतणे इष्ट. पावसाळ्यात हिशेब उलटा होतो. जाताना नैर्ऋत्येचा वारा समोरून येतो व परतताना पाठीशी असतो. पाण्याने भरलेले खड्डे मात्र दिसत नाहीत.

खाऱ्या हवेमुळे साखळी, स्पोक आणि ब्रेकच्या तारा लवकर गंजतात. फेरीनंतर सायकल गोड्या पाण्याने पुसून साखळीला तेल देण्याची सवय ठेवावी. उरण मार्गावर पहाटे दुरुस्तीची दुकाने उघडी नसतात. जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य व किमान दीड लिटर पाणी बरोबर असावे.

खबरदारी आणि अपेक्षा

हेल्मेट, पुढे पांढरा व मागे लाल दिवा, परावर्तक पट्ट्या असलेले कपडे या किमान गोष्टी आहेत. गटाने जाताना एकामागोमाग एक चालावे. कानात इयरफोन नसावेत, कारण मागून येणाऱ्या वाहनाची पहिली सूचना आवाजच देतो. पूर्ण उजाडण्यापूर्वी पाम बीचसारख्या वेगवान रस्त्यावर उतरणे टाळावे.

एवढी काळजी घेऊनही मागून येणारा वेग सायकलस्वाराच्या हातात नसतो. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जेथे पादचारी व सायकलस्वार वाहनांबरोबर सरमिसळ होतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचविली आहे. पाम बीचसारख्या रस्त्यावर ती पाळली जाणे अवघड. तेथे कठड्याने विलग केलेला सायकलपथ हाच उपाय उरतो. महापालिकेने २०१८ मध्ये जनसायकल योजना सुरू केली व तिला प्रतिसादही मिळाला. परंतु सायकल उपलब्ध करून देणे आणि तिला सुरक्षित वाट देणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

नेदरलँड्समध्ये १९७१ मध्ये रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलसंकटाने दडपण वाढविले आणि तो देश विलग सायकलपथांकडे वळला. नवी मुंबईने पाण्यापासून बचावाची युक्ती डचांकडून घेतली. सायकलस्वारांच्या बचावाची युक्तीही त्यांच्याकडेच आहे, आणि त्यासाठी लागणारी रुंद, सपाट जमीन या शहराकडे आधीपासूनच आहे.