सुंबा बेटावरील वंशपरंपरागत दास्य

इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतातील सुंबा बेटावर, विशेषतः त्याच्या पूर्व भागात, आजही टिकून असलेली जन्माधारित दास्यपद्धती. सुमारे 11,000 चौ. किमी. क्षेत्रफळाच्या या बेटावर साडेसात लाखांहून अधिक लोक राहतात. पूर्वेकडील कोरड्या माळरानावर घोडे व गुरे पाळतात. वाइंगापू हे तेथील मुख्य शहर आहे.

सामाजिक रचना : पूर्व सुंबातील समाज परंपरेने तीन स्तरांत विभागलेला आहे : ‘मारांबा’ म्हणजे उमराव, ‘काबिहू’ म्हणजे स्वतंत्र कुळांतील सामान्य लोक आणि ‘अता’ म्हणजे दास. अताचा दर्जा मुख्यतः आईकडून मुलांकडे येतो. धन्याची शेती, गुरेढोरे, स्वयंपाक व पाणी भरणे ही कामे अता विनामोबदला करतात, प्रवासात धन्याची पानसुपारीची पिशवीही वाहतात. बदल्यात अन्न, वस्त्र व आसरा देण्याची जबाबदारी धन्याची मानली जाते. उमरावाचे खरे नाव उच्चारणे अनादराचे समजतात. त्यामुळे त्याला त्याच्या दासाच्या नावावरून, म्हणजे ‘अमक्याचा धनी’ अशा अर्थाने संबोधण्याचा प्रघात आहे.

विवाह व अंत्यविधी : विवाहात वरपक्ष वधूमूल्य म्हणून घोडे, म्हशी व धातूचे अलंकार देतो. अतासाठी ते धनी भरतो, म्हणून त्याच्या संततीवरही धनी हक्क सांगतो. उमरावकन्येच्या पाठवणीत कापडाबरोबर दास-दासी देण्याचीही रीत होती. अशा तऱ्हेने घराण्यांतील सोयरिकीबरोबर माणसेही एका घरातून दुसऱ्या घरात गेली. पारंपरिक मारापू धर्मानुसार होणाऱ्या उमरावांच्या अंत्ययात्रेत ‘पापांगांग’ म्हणून निवडलेले अता उंची वस्त्रे व दागिने घालून, कधी मृताच्या सजवलेल्या घोड्यावर बसून निघतात. थडग्यापाशी त्यांना भोवळ येते, तेव्हा ते मृताच्या सोबतीला गेले असे मानतात. पूर्वी धन्याबरोबर दासांनाही पुरत, अशी मौखिक परंपरा आहे.

इतिहास : अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सुंबा गुलामांचा पुरवठा करणारे बेट होते. फ्लोरेस बेटावरील एंदे येथील व्यापारी स्थानिक सरदारांच्या मदतीने येथून माणसे नेत. युद्धकैदी व कर्जबाजारी यांचीही दासांत भर पडे. डच सरकारने 1860 मध्ये आपल्या ईस्ट इंडीज वसाहतीत गुलामगिरी रद्द केली, पण सुंबावर तेव्हा त्यांची प्रत्यक्ष सत्ता नव्हती. 1866 मध्ये वाइंगापूला डच अधिकारी नेमला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी लष्करी मोहिमांनी बेट ताब्यात आले. माणसे पकडण्यासाठीचे छापे व त्यांची विक्री थांबली, मात्र कारभार त्याच उमरावांमार्फत चालल्याने घरातील दास्य अबाधित राहिले.

सद्यःस्थिती : इंडोनेशियाच्या 1999 च्या मानवाधिकार कायद्याचे कलम 20 कोणालाही गुलाम करण्यास मनाई करते. 2007 च्या कायद्याने मानवी व्यापार हा गुन्हा ठरवला. पण अताचा दर्जा कोणत्याही सरकारी दप्तरात नोंदलेला नसतो. तो घरच्यांच्या व गावाच्या स्मरणात असतो, त्यामुळे तक्रार नोंदवायची तर पुरावा नाही, आणि तक्रारदाराचा पोटापाण्याचा आधार धनीच. जमिनी, गुरे आणि विकेंद्रीकरणानंतर अनेक निवडून येणारी पदेही उमरावघराण्यांकडे आहेत. ‘ही आमच्याच घरची माणसे’ असा युक्तिवाद ती घराणी करतात.

बेटाचा पश्चिम भाग तुलनेने कमी विषम आहे. पूर्वेतही शिक्षण, ख्रिस्ती चर्च आणि बाली किंवा मलेशियाकडे होणारे स्थलांतर यांनी पकड सैल केली. शिकलेले अता गाव सोडून नोकरी धरतात. तरी विवाह ठरवताना जन्माचा दर्जा विचारला जातो. गावात राहून मुक्त होणे अधिक कठीण आहे, कारण तेथे जमीन, वधूमूल्य आणि मृत्यूनंतरचे संस्कार या तिन्हींसाठी धन्याच्या घराशी असलेले नाते लागते.