अन्नसंस्थांतील राष्ट्रप्रतिनिधि

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दूताचे तीन प्रकार मानले आहेत : निसृष्टार्थ, परिमितार्थ व शासनहर. पहिल्यास निर्णयाचा पूर्ण अधिकार, दुसऱ्यास मर्यादित, तर तिसरा केवळ लेख पोंचविणारा. आंतरराष्ट्रीय अन्नसंस्थांत बसणारा राष्ट्रप्रतिनिधि यांपैकीं कोणता, याचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

हें पद १९४५ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेबरोबर उत्पन्न झालें, असा सामान्य समज आहे. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ता. ७ जून १९०५ च्या रोम येथील करारानें आंतरराष्ट्रीय कृषिसंस्था स्थापन झाली व सभासद राष्ट्रांच्या प्रतिनिधींची कायम समिति तिच्या कारभारावर नेमली गेली. या उपक्रमाचा मूळ पुरुष डेव्हिड लूबिन हा कॅलिफोर्नियांतील व्यापारी होय. जगांतील पिकांचे खरे आंकडे शेतकऱ्यास कळत नाहींत, म्हणून सट्टेवाल्यांचें फावतें, असें त्याचें मत होतें. इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल यानें त्याची योजना उचलून धरली. पुढें लूबिन अमेरिकेचा प्रतिनिधि म्हणून रोम येथें राहिला व १९१९ च्या आरंभीं तेथेंच निवर्तला.

करारानें संस्थेस दिलेलें काम म्हणजे माहिती जमविणें, ती प्रसिद्ध करणें व सरकारांस सूचना करणें. धान्य हलविण्याचा अधिकार तींत नाहीं. मतेंहि सारखीं नव्हतीं : पहिल्या वर्गाच्या राष्ट्रास वर्गणीचे १६ भाग व ५ मतें, पांचव्यास १ भाग व १ मत. १९४५ च्या संघटनेंत एक राष्ट्र, एक मत, हा नियम आला, ही मोठीच सुधारणा होय.

परंतु मत मिळालें म्हणजे अन्न मिळालें असें नव्हे. १९४३ सालीं अमेरिकेंत हॉट स्प्रिंग्ज येथें ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधि अन्नाची चर्चा करीत होते. त्याच वर्षीं बंगाल्यांत लाखों माणसें भुकेनें मेलीं. त्या काळीं हिंदुस्थान सरकारच्या अन्नखात्यांत असलेले बिनय रंजन सेन पुढें इटलींत भारताचे राजदूत झाले व १९५६ पासून १९६७ पर्यंत संघटनेचे महासंचालक होते. १९६० सालीं त्यांनीं भूकमुक्तीची मोहीम आरंभिली, आणि १९६१ सालीं जागतिक अन्न कार्यक्रम स्थापन झाला. आंकड्यांपासून प्रत्यक्ष धान्यापर्यंत येण्यास अशीं ५६ वर्षें लागलीं. तेंहि धान्य सरकारांच्या ऐच्छिक देणगीवरच अवलंबून.

सारांश, हा दूत परिमितार्थ होय. परकीय सभेइतकेंच स्वतःच्या सरकारचें मन वळविणें, हें त्याचें खरें कार्य. तेथें तो केवळ शासनहर झाला, तर भुकेल्याची बाजू मांडणारा कोणी उरत नाहीं. जुन्या कृषिसंस्थेचा ग्रंथसंग्रह रोम येथें अन्न व कृषि संघटनेच्या ग्रंथालयांत असून त्यास १९५२ पासून लूबिनचें नांव आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य धुंडाळावा.