उत्तरेकडे डोके

हिंगणीच्या घरी अम्मीला रात्र-रात्र झोप येईना, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘भाऊ, बाज फिरवून घ्या. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये. पृथ्वीचा चुंबक बाधतो.’’ तुमच्याही घरी कोणी ना कोणी हे सांगितलेच असेल. कित्येक हिंदू घरांत मृताचे पाय दक्षिणेला करतात, म्हणजे डोके उत्तरेला. आमच्यातही कबरीत डोके उत्तरेलाच. चेहरा पश्चिमेला, किब्ल्याकडे वळवायचा असतो. दोघांनीही ही दिशा मृतांना दिलेली. त्यात चुंबक कुठून आला?

चुंबकाचा माग काढताना मी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपाशी पोचलो. वेधशाळा १८२६ सालची. तिथे १८४१ पासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजू लागले. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या वादळाने तिथले क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले. ही त्या वादळाची जगातली एक मोलाची नोंद. पण किती हा फरक? तिथल्या एकूण क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास! पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलवले. १९०४ पासून तिथे नोंदी होऊ लागल्या. ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागच्या इमारतीत लोखंड टाळले. यंत्र इतके हळवे!

आणि माणूस? फ्रीजच्या दारावरचे साधे लोहचुंबक जवळून पृथ्वीच्या शंभरेक पट प्रबळ असते, तरी त्याने कुणाची झोप उडत नाही. मात्र २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेने ३४ जणांना बंद खोलीत बसवून पृथ्वीइतकेच क्षीण क्षेत्र फिरवले. काहींच्या मेंदूतल्या अल्फा लहरी मंदावल्या. त्यांना स्वतःला काहीच जाणवले नाही. झोपेविषयी, सुखदुःखाविषयी तो प्रयोग काही सांगत नाही.

मी बाज फिरवली. त्या रात्री अम्मी झोपली. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. शिवाय बाज फिरवल्यावर मी बऱ्याच वर्षांनी तिच्या उशाशी बसलो, तिचे पाय चेपले. श्रेय कुणाला द्यायचे? मी काकूंनाच दिले.

आता अम्मी गावच्या कबरस्तानात आहे. डोके उत्तरेला. त्या दिशेची मला धास्ती वाटत नाही.