बोस्टनची मोजदाद

वडीलधाऱ्यांच्या दंडावरील देवीचा वण आपण पाहिलेला असतो. त्या टोचणीमागे धोक्याच्या हिशेबाची एक जुनी कथा आहे.

इ. स. १७२१ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात देवीची साथ आली. जेनरची लस अजून ७५ वर्षे दूर होती. रोग्याच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या कातडीत घातल्यास देवी बहुधा सौम्य येतात, हे कॉटन मेदर ह्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाला त्याच्या ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाने पूर्वीच सांगितले होते. झॅब्डिएल बॉइल्स्टन ह्या वैद्याने हा उपाय प्रथम आपल्या सहा वर्षांच्या मुलावरच केला. शहर खवळले. धडधाकट माणसाला मुद्दाम रोग द्यावयाचा, ही ईश्वरी इच्छेत ढवळाढवळ नव्हे काय? मेदरच्या घरात पेटता हातगोळा फेकला गेला. सुदैवाने तो फुटला नाही.

बॉइल्स्टनने मोजदाद ठेवली. साथीत ५,८८९ जणांना देवी आल्या, ८४४ दगावले. म्हणजे सातांत एक. टोचलेल्या सुमारे २४० जणांत ६ दगावले. म्हणजे चाळिसांत एक. उपायही निर्धोक नव्हता हे त्याने लपविले नाही. ह्या प्रकरणात मला हेच मोलाचे वाटते.

विरोधकांची बाजू छापणाऱ्या थोरल्या भावाच्या छापखान्यात तेव्हा १५ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन उमेदवारी करीत होता. पुढे तो टोचणीचा पुरस्कर्ता झाला. तरी त्याचा चार वर्षांचा फ्रान्सिस १७३६ साली न टोचताच देवीने गेला. टोचून मूल दगावले तर स्वतःला क्षमा करता येणार नाही, ह्या भीतीने अडणाऱ्या आईबापांसाठी त्याने आत्मचरित्रात लिहिले की पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच, म्हणून कमी धोक्याची वाट धरावी. हे लिहिले तेव्हा फ्रान्सिसला जाऊन ५० वर्षे उलटली होती.