सिग्नलला बंद पडणारी फियाट

बाबांची १९९६ ची प्रीमियर पद्मिनी वाशीच्या सिग्नलला थांबली की थरथरायला लागते. आवाज खाली खाली जातो आणि गाडी बंद. मागचे हॉर्न वाजवतात, बाबा शांतपणे पुन्हा चावी फिरवतात. आमच्या घरी हिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात.

मी सॉफ्टवेअरवाला. पहिला विचार आला, स्कॅनर लावून एरर कोड वाचू. पण हिच्यात कॉम्प्युटरच नाही, तर कोड कोण देणार? मग व्हिडिओ बघून कार्ब्युरेटरचे दोन स्क्रू फिरवले. एकानं आयडलचा वेग वाढला, दुसऱ्यानं पेट्रोलचं प्रमाण. थरथर कमी झाली. मी खूश. त्याच आठवड्यात पीयूसीला गाडी नापास! १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा जुन्या पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या वर चालत नाही. आणि तो मोजतात इंजिन आयडलवर असतानाच.

बाबा म्हणाले, "नाहीच जमलं तर देऊन टाकू भंगारात." आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

तुर्भ्याच्या गॅरेजमधल्या काकांनी बॉनेट उघडलं, मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "स्क्रूला हात कुणी लावला?" त्यांनी दोन्ही स्क्रू आधी होते तिथे आणले. थरथर परत आली. मग एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला. इंजिन बंद पडायच्या ऐवजी सुधारलं. म्हणजे पेट्रोल कमी नव्हतं, हवा जास्त होती. कुठूनतरी चोरून आत येत होती. कार्ब्युरेटरच्या बुडाशी त्यांनी तेलाचे दोन थेंब सोडले आणि आवाज क्षणभर सरळ झाला. गॅस्केट गेली होती. मी पेट्रोल वाढवून फक्त ती गळती झाकली होती.

हे ज्ञान त्यांच्याकडे आलं कुठून? याचं उत्तर एका सरकारी धोरणात आहे.

जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारनं ठरवलं, की ज्यांना टप्प्याटप्प्यानं सुटे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. उरलेल्या मोजक्या कंपन्यांपैकी एक म्हणजे वालचंद हिराचंद यांची, १९४४ मध्ये सुरू झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कारखाना कुर्ल्यात. तिनं फियाटच्या परवान्यावर ११०० ही गाडी बनवली. इंजिन १,०८९ सीसीचं. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. इथे मात्र नावं बदलली, डिलाइटची पद्मिनी झाली, आणि इंजिन मुळात तेच राहिलं, अगदी २००० च्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत.

गिऱ्हाइकाला निवड नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. त्या काळाचे गोडवे गाण्यासारखं काही नाही. पण हजारो काळ्यापिवळ्या टॅक्स्यांमध्ये तेच इंजिन असल्यामुळे मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्यांचा कान तयार झाला. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. आयडल आता कॉम्प्युटर सांभाळतो, आणि हवा स्वच्छ व्हायला ते हवंच होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. २० वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

नवी गॅस्केट बसवून काकांनी स्क्रू पुन्हा लावले, मीटरशिवाय, कानानं. पीयूसी पास झाली.

काकांचा मुलगा इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करतो. फियाटचं काम शिकायला त्यांच्याकडे कुणीच नाही. मी विचारलं, "रविवारी आलो तर दाखवाल?"

"ये," ते म्हणाले. "फोन खिशात ठेवायचा पण. आधी ऐकायचं."