दोन इमारती आणि रावसाहेब वैद्य

ट्रॉम्ब्याहून बसने मानखुर्द आणि तिथून हार्बर लोकलने सीएसएमटी, हा माझा रोजचा रस्ता. स्थानकाच्या वास्तुरचनाकाराचं नाव बहुतेकांना ठाऊक असतं: फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. १८७८ साली काम सुरू झालं, पुरं व्हायला दहाएक वर्षं लागली. मधला घुमट अष्टकोनी आहे. त्याच्या दगडी बरगड्या खाचा पाडून एकमेकींत गुंतवल्या आहेत, आणि खालून लाकडी साचा न लावता तो उभारला. आराखड्यात ही गोष्ट एका रेघेत दिसते. प्रत्यक्षात कोणीतरी रोज उन्हात उभं राहून प्रत्येक दगड बसतोय की नाही, ते पाहावं लागतं.

त्या पाहणाऱ्यांत साहाय्यक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि त्यांच्या जोडीला पर्यवेक्षक एम. एम. जनार्दन. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीमागे ती लिहिणाऱ्याचं नाव राहतं, मग ती ओळ कितीही भिकार असो. दगडाला ती सोय नाही. स्टीव्हन्सचं श्रेय कमी करायचा माझा हेतू नाही, रचना त्याचीच. पण ‘साहाय्यक’ या शब्दाखाली किती काम गाडलं जातं, हे कनिष्ठ पदावर नोकरी केलेल्या कोणालाही कळेल.

वैद्य नुसते साहाय्यक राहिले नाहीत. जमशेटजी टाटांच्या ताज हॉटेलची मूळ रचना त्यांची आणि डी. एन. मिर्झा यांची. १९०० साली, काम अर्धवट असतानाच वैद्य वारले. डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुढे नेलं आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडलं.

कॉलेजात एका मित्राने मला ताजची ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली होती: इमारत चुकून उलटी बांधली गेली, विलायतेहून परतलेल्या गोऱ्या आर्किटेक्टने ते पाहिलं आणि वरून उडी मारली. चूक वगैरे काही नव्हती. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला ठेवलं, आज पोहण्याचा तलाव आहे तिथे. घोडागाड्या तिकडूनच येत. खोल्यांना समुद्र आणि वारा मिळाला. गेटवे तर १९२४ चा, म्हणजे आज आपण ज्याला ‘पुढची बाजू’ म्हणतो तिथे तेव्हा ती कमानच नव्हती.

मागच्या महिन्यात मित्राला हे सगळं सांगितलं. ‘मग उडी कोणी मारली?’ त्याने विचारलं. म्हटलं, कोणीच नाही. आणि तो आर्किटेक्ट गोराही नव्हता, वैद्य होता.